शंकेला उत्तर कोण देणार?

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा-महाविद्यालयांचे दरवाजे बंद झाले आणि अध्यापनाचा सारा संसार पाहता पाहता व्हॉट्सॲपच्या गटांवर जाऊन बसला. पुढे वर्ग पूर्ववत भरू लागले, गट मात्र राहिले. टिपणे, चित्रफिती, सराव-प्रश्न आजही त्यांवरून येतात. त्यामुळे शिक्षण ‘परस्परसंवादी’ झाले, असे मोठ्या समाधानाने सांगितले जाते. हे समाधान कितपत सार्थ आहे?

दुरून शिकविण्याचा प्रयोग आपल्याला नवा नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठ दूरदर्शनवर दिसू लागले. पण प्रेक्षकाला पडद्यापुढे हात वर करता येत नव्हता. ती उणीव नव्या साधनांनी दूर केली आहे. गूगल फॉर्मवर पाच प्रश्नांची चाचणी घेतली, तर मागणीचा नियम कोणाला उमगला नाही, हे पुढच्या तासापूर्वीच कळते. भर वर्गात बोलण्यास संकोचणारी विद्यार्थिनी आपली शंका निःसंकोचपणे लिहून पाठवू शकते.

प्रत्यक्षात काय घडते? पुष्कळ गटांवर फक्त प्रशासकानेच लिहावे, अशी तजवीज केलेली असते. शुभेच्छांचा पूर थोपविण्यासाठी ती आवश्यक वाटते, हे खरे. पण त्याच बांधाने शंकाही अडते. म्हणजे जुनाच मुका पडदा आता तळहातावर आला, एवढेच.

याचा दोष केवळ शिक्षकाच्या अनास्थेला देणे अन्यायाचे होईल. एक टिपण साठ जणांना धाडण्यास जेवढे श्रम पडतात, तेवढेच सहाशे जणांना धाडण्यास. उत्तराचे तसे नाही. प्रत्येक निराळ्या शंकेला शिक्षकाचा निराळा वेळ द्यावा लागतो. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी सहायक प्राध्यापकास आठवड्याला १६ तासांचे प्रत्यक्ष अध्यापन नेमून दिले आहे. रात्री दहा वाजता मोबाइलवर फेडलेली शंका त्यातील कोणत्या रकान्यात लिहावयाची? ज्या श्रमाची मोजदाद होत नाही, तो श्रम हळूहळू आटतो, हा अर्थव्यवहाराचा साधा नियम आहे.

तेव्हा नवनव्या ॲपांच्या खरेदीपूर्वी संस्थांनी वेळापत्रकाकडे पाहावे. आठवड्यातून दोन तास शंकानिरसनासाठी राखून ठेवावेत, ते कार्यभारात धरावेत आणि त्या वेळात गट सर्वांना खुला करावा. तेथील महत्त्वाची उत्तरे दुसऱ्या दिवशी फळ्यावरही यावीत. कारण एकच फोन तीन भावंडांत फिरतो, अशी घरे आजही थोडी नाहीत. साधन विकत मिळते, पण संवादासाठी माणसाचा वेळ खर्ची पडतो. त्या खर्चाची तरतूद न करता परस्परसंवादाच्या गोष्टी सांगणे, ही विद्यार्थ्यांची निव्वळ बोळवण होय.