खोली हरवली!

खोली मिळत नाही, ही तक्रार आम्ही मुंबईत जन्मभर ऐकली आणि स्वतःही मनसोक्त केली. पण हाती असलेली खोली ताशी चाळीस मैलांच्या पुढे गेलं की हरवते, ही तक्रार ऐकायला आम्हांला अमेरिका गाठावी लागली. आणि ती ऐकवली आमच्या जावईबापूंनी! वाचकहो, घाबरू नका. ही खोली चार भिंतींची नव्हे, पाण्याची.

आमची लेक उत्तर अलाबामात, हंट्सव्हिलला असते. तिथून तासाभराच्या आत गंटर्सव्हिलचा अफाट जलाशय लागतो. टेनेसी नदीवरचं हे धरण १९३९ साली पुरं झालं आणि सुमारे ७५ मैल लांबीचं पाणी तुंबलं. जुनी शेतं, रस्ते सगळं खाली गेलं. आता त्या पाण्यात बास नावाचा मासा राहतो आणि त्याच्यापायी वेडी झालेली माणसं काठावर राहतात. आमचे जावईबापू त्यांतलेच. मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा! सौ.ला हा व्यवहार अजून पटलेला नाही. "सोडायचाच होता, तर पहाटे चारला घर कशाला उठवलंत?" हा तिचा प्रश्न आजतागायत अनुत्तरित आहे.

या खेळाची बोट वेगळीच. वीस फूट लांब, बुटकी, नव्या नवरीसारखी चकचकीत, आणि मागे दोनशे अश्वशक्तीचं इंजिन. पुढ्यात टीव्हीएवढा पडदा. पिछाडीला पाण्यात साबणाच्या वडीएवढा एक ठोकळा असतो, त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. तो तळाकडे आवाज सोडतो, तळावरून आलेला प्रतिध्वनी ऐकतो आणि लागलेल्या वेळावरून खोली सांगतो. आमच्या लहानपणी खाडी ओलांडताना नावाडी बांबू रोवून हेच काम करी. फरक एवढाच, की नावाडी बांबूच्या वेगाने जाई. जावईबापू साठ मैलांनी.

मागच्या उन्हाळ्यात एका शनिवारी आम्ही सगळे निघालो. मी, सौ., लेक, जावई आणि सात वर्षांची नात. पडद्यावर आकडे येत होते : १८, १७, १९. वेग वाढला, आकडा लुकलुकला आणि त्याच्या जागी तीन आडव्या रेघा आल्या. "हे नेहमीचंच आहे, बाबा," जावईबापू म्हणाले आणि वेळ वाचवायला त्यांनी बोट खुणेच्या तरंगत्या पिपांच्या बाहेरून काढली. त्या पिपांच्या आत मोठ्या गाधड्यांची खोल वाट असते. बाहेर काय असेल ते असेल. पुढच्या क्षणी खालून करकर आवाज आला, आम्ही सगळे पुढे फेकले गेलो आणि इंजिन बंद पडलं. चालकाच्या अंगाला बांधलेली दोरी ओढली गेली, की इंजिन थांबतं. तिथे अशा बोटींना हे कायद्यानंच सक्तीचं आहे. त्या दोरीला मी मनोमन नमस्कार केला. पंख्याभोवती चिखल नि शेवाळ गुंडाळलं होतं. पाणी कमरेइतकंही नव्हतं.

कुणाला लागलं नाही. पण लेकीने पोरीला उचललं, काठावर आल्यावर खाली उतरवलं आणि शांतपणे सांगितलं, "ही पुन्हा या बोटीत बसणार नाही. मीही नाही." ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

जावईबापूंनी दुकान गाठलं. दुकानदाराने ऐकलं आणि नवा, मोठा पडदा दाखवला. (दुकानदार सगळ्या देशांत एकच असतो.) घरी आल्यावर त्यांचं म्हणणं पडलं, की वेगात बोट पुढे निघून जाते आणि आवाज मागे राहतो. आम्ही जन्मभर हिशेबनीस, पेन्सिल घेतली. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे ४,८०० फूट जातो. बारा फूट खोली, म्हणजे जाऊन-येऊन चोवीस फूट. सेकंदाचा दोनशेवा भाग. साठ मैलांच्या वेगाने बोट तेवढ्यात सरकते जेमतेम सव्वापाच इंच! आवाज कुठेही मागे राहत नव्हता.

मग दोष कुणाचा? ते शेजारच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने दाखवलं. बोट गाडीवर होती. तो सरळ तिच्याखाली शिरला आणि तळाच्या कंगोऱ्यावर बोट ठेवलं. त्या कंगोऱ्याच्या बरोबर मागे ठोकळा टांगलेला! बोट वेगात पाण्यावर उचलली जाते, तळावरचा प्रत्येक कंगोरा पाणी फाडतो आणि मागे फेसाची शेपटी सोडतो. आवाज पाण्यातून उत्तम जातो, पण बुडबुड्यांच्या पडद्यापाशी अडतो, विखुरतो. शिवाय ठोकळा थोडा वर बसवला होता, म्हणजे बोट उचलली गेली की तो जवळजवळ हवेतच. बिचारा पडदा निर्दोष होता. त्याला ऐकूच येत नव्हतं.

ठोकळा कंगोऱ्यापासून आणि पंख्यापासून दूर सरकवला, तळाच्या किंचित खाली घेतला. जास्त खाली घेतला तर तो स्वतःच फवारा उडवतो, म्हणून एका दुपारी चार वेळा स्क्रू ढिले करून पुन्हा आवळले. आकडा आता पंचेचाळीसपर्यंत टिकू लागला. जावईबापूंना तेवढ्यावर चैन कुठली! त्यांनी दुसरा चपटा ठोकळा आणला; हा बोटीच्या आतून तळाला चिकटवायचा. जिथे आत लाकूड किंवा फोम नाही, नुसतं भरीव फायबरग्लास आहे, अशा जागी तो तळातून आरपार ऐकतो. अट एकच : चिकटवताना लुकणात हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. मासे दाखवणारी बारीक चित्रं त्यातून येत नाहीत, त्यासाठी बाहेरचाच हवा. पण खोली मिळते.

लुकण कालवायला जावईबापूंनी काडी हाती घेतली आणि घुसळायला सुरुवात केली. सौ.ने ती काढूनच घेतली. "अहो, चिरोट्यांचा साटा आहे का हा, फेसायला? साट्यात हवा हवीच असते. इथे नको ना? मग कडेकडेने, हळू!" आणि पंधरा मिनिटं ती एकाच दिशेने काडी फिरवत बसली. त्या लुकणात बुडबुडा शोधून सापडला नसता.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघेच पुरुष निघालो. पन्नास, पंचावन्न, साठ. आकडा हलला नाही. जावईबापूंनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा पेन्सिल काढली. साठ मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट. पडदा सांगतो ती पायाखालची खोली. पुढच्या ८८ फुटांत काय आहे, हे त्या ठोकळ्याला तरी कुठे ठाऊक? त्यांनी कागद पाहिला, घडी करून खिशात घातला. बोलले काहीच नाहीत.

घरी लेकीने विचारलं, "टिकला आकडा?" "टिकला," ते म्हणाले, आणि तिच्यापुढे तोच कागद ठेवला.

त्यानंतरच्या शनिवारी ती आली. पोरीच्या जाकिटाचे पट्टे तिने स्वतः आवळले. पिपांची रांग दिसताच जावईबापूंनी वेग कमी केला, कुणी न सांगता, आणि बोट आतल्या वाटेने नेली. आजीच्या मांडीवरून नात आकडे मोठ्याने वाचत होती : एकोणीस, अठरा, एकोणीस. लेकीचा कठड्यावरचा हात बराच वेळ तसाच होता. मग तिने तो काढला आणि चिवड्याचा डबा उघडला.