घूंऽऽऽ कमी कर ना यार!

मागच्या सीझनला एका मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते. अंतरपाट धरलेला, हातात अक्षता, वधूची आत्या महिनाभर रियाज करून मंगलाष्टकं म्हणायला उभी. पहिल्या 'सावधान'ला डोक्यावर घूंऽऽऽ! ड्रोन महाशय हजर. आत्याचा सूर त्या आवाजात वाहून गेला. नंतर व्हिडिओ पाहिला, एकदम झकास! कारण त्यात ना आत्या होती ना ड्रोन. वरून एक फिल्मी गाणं चिकटवलं होतं.

तर मंडळी, तेव्हापासून डोक्यात एकच किडा. लाखभर रुपयांचं मशीन आकाशात स्थिर उभं राहतं, आपोआप घरी परत येतं, मग त्याला जरा हळू बोलता का येत नाही?

दोष पंख्याचा आहे, बॉस

आपल्याला वाटतं मोटर कोकलतेय. पण बराचसा आवाज असतो पंख्यांचा, म्हणजे प्रोपेलरचा. गणित सोपं आहे. दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला ६,००० फेरे मारत असेल, तर सेकंदाला १०० फेरे आणि हवेला २०० फटके. म्हणजे २०० हर्ट्झचा सूर, आणि त्याच्या पटीतले ४००, ६००, ८०० असे आणखी सूर. शिवाय पात्यामागे हवा घुसळते, तिची सळसळ वेगळीच.

त्यात प्रोपेलर असतात चार आणि चौघांचा वेग कधीच अगदी सारखा नसतो. वाऱ्याची झुळूक आली की तोल सांभाळायला मशीन प्रत्येकाचा वेग क्षणाक्षणाला बदलतं. त्यामुळे सूर हलत, थरथरत राहतो. फ्रिजच्या एकसुरी आवाजाची आपल्याला सवय होते. कानाशी येणाऱ्या डासाची होते का?

हे माझं किरकिरेपण नाही हं! २०१७ मध्ये नासाच्या लँगली केंद्रातल्या संशोधकांनी लोकांना ड्रोनचे आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकवले. मोजमापात आवाज तेवढाच असला, तरी ड्रोनचा जास्त त्रासदायक वाटला. म्हणजे डेसिबल कमी करणं पुरेसं नाही, आवाजाची जातही बदलायला हवी.

मोठा पंखा, निवांत चाल

पहिला फंडा तुमच्या घरातच आहे. छताचा मोठा पंखा सावकाश फिरतो आणि गपचूप वारा देतो. लॅपटॉपमधला चिमुकला पंखा मात्र केवढा ओरडतो! आवाजाचा खरा व्हिलन म्हणजे पात्याच्या टोकाचा वेग. ढोबळ मानाने आवाजाची ताकद या वेगाच्या पाचव्या-सहाव्या घाताने वाढते. म्हणून तेवढंच वजन उचलायला मोठं पातं सावकाश फिरवलं, की मोठा फरक पडतो. अडचण एवढीच, की मोठी पाती मावायला ड्रोनही ऐसपैस लागतो. आणि आपल्याला तर तो बॅगेत घडी करून हवा!

दुसरा उपाय टोकाच्या आकाराचा. पात्याच्या टोकाशी हवेचा भोवरा तयार होतो आणि मागून येणारं पातं त्यावर आपटतं. डीजेआय कंपनीने २०१७ मध्ये माविक प्रो प्लॅटिनम आणला. त्यात प्रोपेलरचा आकार बदलला होता, मोटरला वीज पुरवायची पद्धतही. कंपनीचा दावा होता, आवाज ४ डेसिबलने, म्हणजे तब्बल ६० टक्क्यांनी कमी! ऐकायला कूल आहे. पण हे ६० टक्के आवाजाच्या ऊर्जेतले. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबलची घट लागते. ४ डेसिबलने तो जेमतेम पाव हिस्सा कमी वाटतो. तेव्हा दुकानात टक्केवारी ऐकवली, की 'डेसिबलमध्ये किती?' असं विचारा.

तिसरा गुरू म्हणजे घुबड. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, मागच्या कडेला झालर आणि वर मखमली लव. हवा हळुवार कापली जाते आणि उंदराला पत्ता लागत नाही. अशी दातेरी कड पवनचक्क्यांच्या पात्यांवर आधीपासून वापरात आहे, ड्रोनच्या पात्यांवरही तिचे प्रयोग झालेत.

चौथी युक्ती ताल मोडण्याची. पाती समान अंतरावर असली, की एकच सूर घुमतो. अंतर कमी-जास्त केलं, की तो सूर अनेक सुरांत विखुरतो आणि कानाला टोचत नाही. हेलिकॉप्टरच्या शेपटीतल्या काही पंख्यांत हे पूर्वीपासून केलं जातं. आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीने तर पात्याला टोकच ठेवलं नाही. दोन पाती वळवून एकमेकांना जोडली, वेढ्यासारखी. २०२२ मध्ये या प्रोपेलरला आर अँड डी १०० पुरस्कार मिळाला.

आता तुमच्या ड्रोनचं बोला

घरी ड्रोन असेल किंवा फंक्शनला बुक करणार असाल, तर एवढं करा:

- पात्याची कड खरवडली किंवा चिरली असेल, तर पातं सरळ बदला. तोल गेलेलं पातं आवाज वाढवतं, व्हिडिओही थरथरतो.
- मोठी पाती हवीत म्हणून भलत्या मापाची लावू नका, मोटर तापेल. कंपनीने सांगितलेल्या मापातलीच 'लो नॉइज' पाती घ्या.
- उंची वाढवा. अंतर दुप्पट झालं, की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. शॉट झूमने घेता येतो.
- कधी उडवायचं आणि कधी खाली ठेवायचं, हे व्हिडिओवाल्याशी आधीच ठरवा. हा उपाय फुकट आहे!

पण खिडकीबाहेर कोण आहे?

लग्नातला ड्रोन तासाभराचा पाहुणा. डिलिव्हरीचा ड्रोन रोजचा. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या बोनिथन भागात २०१८ मध्ये विंग कंपनीने ड्रोनने कॉफी आणि खाणं पोचवण्याची चाचणी घेतली. घरबसल्या गरमागरम कॉफी, अजून काय हवं? पण ज्यांनी काहीच मागवलं नव्हतं, तेही दिवसभर तो आवाज ऐकत होते. लोक संघटित झाले, तक्रारी गेल्या, तिथल्या विधिमंडळाच्या समितीने चौकशी केली. कंपनीने कमी आवाजाचं मशीन बनवायला घेतलं. शेवटी २०२३ मध्ये विंगने कॅनबेरातली सेवा बंद केली. कॉफी एकाची, डोकेदुखी सगळ्या गल्लीची. हा हिशोब कुठल्याही शहरात जमणं कठीण.

आपल्याकडे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. ती पाळली कशी जाते, हे गणपतीत आणि वरातीत आपण ऐकतोच! त्या गोंगाटात वरून आणखी एक थर नको असेल, तर ड्रोन गप्प व्हायलाच हवेत.

पण मला खरी भीती वाटते ती पुढची. आज नवव्या मजल्यावर खिडकीबाहेर ड्रोन आला, तर आवाजाने कळतं. मी पडदा ओढू शकते. उद्या तो घुबडासारखा आला तर? त्याची घूंऽऽऽ हीच सध्या त्याची दारावरची बेल आहे. २०२१च्या ड्रोन नियमांनी ड्रोनला नोंदणी क्रमांक दिला, पण खिडकीतून तो क्रमांक वाचणार कोण?

म्हणून माझं मत सांगू? पाती शांत करा, जरूर करा. पण त्याआधी ड्रोनला लांबून दिसेल असा दिवा द्या, खिडक्यांपासून ठरलेलं अंतर द्या आणि सोसायटीवरून उडायच्या वेळा ठरवा. आवाज गेला तरी 'मी आलोय' हे सांगायची जबाबदारी त्याचीच राहू दे. ती आपल्या कानांवर टाकून चालणार नाही.