दुसऱ्याचा पॉडकास्ट आपल्या साइटवर लावताना

पोस्ट जरा लांब आहे, पण आपल्या भागात पेज, पोर्टल, वेबसाइट चालवणाऱ्या सगळ्यांच्या कामाची आहे. आधी माझीच चूक सांगतो.

केमची माहिती देणारी एक छोटी वेबसाइट मी चालवतो. स्टेशनवर थांबणाऱ्या गाड्या, उत्तरेश्वराचं मंदिर, आपला कुंकवाचा धंदा, असं सगळं त्यात आहे. अडचण एकच. लोक गाडीची वेळ बघायचे आणि निघून जायचे. रोज नवीन लिहायला माझ्याकडं वेळ नाही, माणूस ठेवायला पैसा नाही. मग 2024 मध्ये डोक्यात आलं, मराठीत एवढे चांगले पॉडकास्ट निघतायत, तेच साइटवर लावू. शेतीचे, आरोग्याचे, लोकगीतांचे भाग डाउनलोड केले, वर आपल्या साइटचा लोगो चिकटवला आणि टाकून दिले. लोक थांबायला लागले. "धार काढताना ऐकतो" असं कुणी सांगितलं की बरं वाटायचं.

पहिला झटका जुलै 2025 मध्ये बसला. वस्तीवरचे एक काका तावातावानं घरी आले. "काय रं, तुझ्या साइटवर एक रुपयात पीक विमा म्हणतायत, आन् सेंटरवाला जास्त पैसं मागतोय. खोटं कोण, तू का त्यो?"

खोटं कुणीच नव्हतं. तो भाग 2024 चा होता. राज्यात एक रुपयात पीक विमा खरीप 2023 पासून सुरू झाला आणि खरीप 2025 पासून बंद झाला. आता विमा रकमेच्या खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याला भरावा लागतो. पॉडकास्ट करणाऱ्यांनी मूळ भागाखाली ही दुरुस्ती लिहिलेली होती. माझ्या कॉपीत ना तारीख होती, ना दुरुस्ती. सेंटरवाला लुटतोय असं समजून काका दोनदा माघारी आले होते. मुदत संपायला आली होती, थोडक्यात निभावलं. विमा चुकला असता आणि पुढं पावसानं दगा दिला असता, तर त्या माणसाला मी काय तोंड दाखवलं असतं?

दुसरा झटका फोनवर बसला. आपल्याच तालुक्यातली एक मुलगी पुण्यात शिकते. सुट्टीला आली की म्हाताऱ्या बायकांकडं बसून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करते. ती म्हणाली, "दादा, तुमच्या साइटवर लोक ऐकतात, चांगलंच आहे. पण माझं नाव नाही ते नाही, ओव्या म्हणणाऱ्या आजींचंही नाव तुम्ही कापलंय. आजी विचारतात, माझा आवाज कुठं गेला म्हणून." ती भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती भांडली नाही, म्हणून जास्त लागलं.

ओव्यांचंच चांगलं उदाहरण मराठीत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या एक लाखाहून जास्त ओव्यांचा ठेवा आज 'पारी' या वेबसाइटवर आहे. तिथं ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो. दुसऱ्यानं जमवलेलं आपल्या साइटवर ठेवावं तर असं.

आता यातली तांत्रिक गोष्ट सोपी करून सांगतो. पॉडकास्टची फाइल साधारणपणे बनवणारा जिथं ठेवतो तिथंच असते. ॲप फक्त त्याची आरएसएस फीड, म्हणजे भागांची यादी, वाचतं आणि आवाज तिथून ओढतं. तुम्ही त्याचाच प्लेअर साइटवर बसवला, तर तुमच्याकडं ऐकणारा माणूसही त्याच्या आकड्यात धरला जातो. त्या आकड्यावर त्याला जाहिरात मिळते. शिवाय त्यानं भाग दुरुस्त केला, तर तुमच्याकडंही दुरुस्त झालेलाच वाजतो. फाइल उतरवून घेतली की हे सगळं तुटतं. ऐकणारा तुमचा, मेहनत त्याची, आणि आवाज त्या दिवशी होता तसाच अडकून पडतो.

कायद्याचं म्हणाल तर ध्वनिमुद्रण 1957 च्या कॉपीराइट कायद्यात येतं. यूट्यूबवर 90 दिवसांत तीन स्ट्राइक आले की चॅनेल जाऊ शकतं. पण भीतीपोटी नको, आपण केमकर म्हणून विचार करा. इथं तयार झालेल्या कुंकवाच्या डबीवर कुणी दुसऱ्याच गावाचं नाव छापलं तर आपल्याला चालेल का? दुसरीकडं विणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून विकली जाते तेव्हा जिल्हाभर आपण ओरडतोच की.

काहीजण म्हणतात, "फुकट ऐकायला ठेवलंय, मग उचललं तर काय बिघडलं?" देवळाबाहेरचा पाणपोईचा माठ पण फुकटच असतो. पाणी पिऊन जा, माठ उचलून घरी नेऊ नका.

मी सगळ्या कॉप्या काढून टाकल्या. आता असं करतो:

1. आधी विचारतो. एक मेसेज पुरतो. बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात.
2. त्यांचाच प्लेअर किंवा लिंक लावतो. नाव आणि तारीख वर, ठळक.
3. हा भाग आपल्या लोकांनी का ऐकावा, ते चार ओळींत स्वतः लिहितो.
4. विमा, अनुदान, औषध-फवारणीचे भाग दर महिन्याला तपासतो. जुने झाले की काढतो.

गर्दी थोडी कमी झाली, खोटं कशाला बोलू? पण जे येतात ते त्या चार ओळी वाचायला येतात, आणि त्या माझ्या आहेत. त्या मुलीनं परवा स्वतःहून नवा भाग पाठवला. त्यातल्या आजी केमच्याच आहेत. नाव, गाव सगळं लिहिलंय. जाऊन ऐका.

आणि पोर्टलवाल्या मित्रांनो, एकदा आपापली साइट उघडून बघा. तारीख नसलेला विम्याचा एखादा भाग तुमच्याकडंही वाजत असेल, तर तो आजच काढा.