परवाना आणि पात्रता

नातीने परवा घरबसल्या शिकाऊ परवाना मिळवला. आधार क्रमांक दिला, संगणकावर प्रश्न सोडवले, झाले! महाराष्ट्रात ही सोय २०२१ पासून आहे. तिने विचारले, "आजोबा, तुमच्या वेळी कसं होतं?"

आमच्या वेळी परीक्षा गाडीच घ्यायची. मी शिकलो ती अ‍ॅम्बेसेडर. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. वळायचे, थांबायचे तर हात खिडकीबाहेर काढून खूण करायची. जुन्या ट्रकचे ड्रायव्हर गिअर बदलताना दोनदा क्लच दाबत, मधे न्यूट्रलमध्ये वेग जुळवून घेत. चुकले की गिअरपेटी किंचाळे. पुढे गाड्या सोप्या झाल्या आणि ही विद्या मागे पडली.

कायदाही बदलला. १९३९ चा जाऊन १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या नियमांत चाचणीची मोठी यादी आहे: आरसा पाहणे, गाडी मागे घेणे, अचानक थांबवणे, हाताच्या खुणासुद्धा. माझी चाचणी मात्र नोकरीच्या एका गावी पाच मिनिटांत आटोपली होती.

पण मला बोचते ते वेगळेच. १९९० च्या दशकात साकोली भागात बँकेत असताना मी ट्रॅक्टरची कर्जे मंजूर करीत असे. सातबारा, जामीनदार, विमा, सारे डोळ्यांत तेल घालून तपासायचो. ट्रॅक्टर चालवणार कोण, हे मात्र कधी विचारले नाही. एका धानाच्या हंगामात आमच्याच कर्जातली ट्रॉली रात्री महामार्गावर बंद पडली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मागून येणारा मोटारसायकलवरचा तरुण तिच्यावर आदळून गेला. ट्रॅक्टर चालवत होता मालकाचा पंधरा वर्षांचा मुलगा. हप्ते पुढेही वेळेवर येत राहिले. आमच्या वहीत ते खाते ‘नियमित’ होते.

तेव्हाचा ६ क्रमांकाचा महामार्ग आता ५३ झाला. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. गाडी सोपी झाली म्हणून परीक्षाही सोपी करून कसे चालेल? उलट, हातापायांचे कष्ट वाचले, तर आता दुसऱ्याच्या जिवाची काळजी तपासायला हवी.

नातीचा हात बसला की धानकापणीच्या दिवसांत, अंधार पडल्यावर, मी तिच्या शेजारी बसून त्याच रस्त्याने जाणार आहे. समोर काहीच दिसत नसताना, ‘असेल कुणीतरी’ म्हणून तिने वेग कमी केला, तर माझ्या लेखी ती पास.