खेळण्यांचे हसू आणि बाजारभाव

अमेरिकेतील ‘टॉयफेअर’ हे मासिक १९९७ साली निघाले आणि २०११ साली बंद पडले. त्यातील ‘ट्विस्टेड टॉयफेअर थिएटर’ ही विनोदी चित्रकथा हाताने काढलेली नव्हती. खेळण्यांची छायाचित्रे घेऊन त्यांना संवादांचे फुगे जोडलेले असत. पात्रे बहुतांशी ‘मेगो’ कंपनीने १९७०च्या दशकात विकलेले आठ इंची बाहुले. कंपनी पुढे दिवाळखोरीत निघाली. बाहुले मात्र बोलू लागले.

अतिमानवी नायक ही वस्तुतः मक्तेदार कंपन्यांची मालमत्ता. त्याचा पराक्रम हाच विक्रीचा माल. या चित्रकथेत मात्र तोच स्पायडरमॅन पदोपदी फजिती पावणारा सामान्य जीव झाला. जुने खेळणे, एक कॅमेरा आणि कल्पकता एवढ्या भांडवलावर उपभोक्ता निर्माता बनला. हे लोकशाहीकरण नाकारण्याचे कारण नाही.

परंतु त्याच मासिकात खेळण्यांचे बाजारभावही छापले जात. नायकाची टिंगल करणारे पान त्याच्या खरेदीदारालाच हसवीत होते! पुढे २००५ साली या मासिकाचे एक संपादक मॅथ्यू सेनरीच यांच्या सहनिर्मितीतून ‘रोबोट चिकन’ ही बाहुल्यांची दूरचित्रवाणी मालिका आली. तिची वाहिनी टाइम वॉर्नर या बलाढ्य समूहाची होती. बाजाराने थट्टेलाही दुकानात जागा दिली.

हसण्याने मूर्तीचा दरारा जातो, मालकी जात नाही. ती बदलण्याचे काम बाहुले करणार नाहीत. ते माणसांनाच करावे लागेल.