शंभर ग्राहक आणि एक एक्सेल

रविवारी रात्री साडेअकराला मावसबहिणीचा फोन. "दादा, उद्या प्रोजेक्ट सबमिट करायचंय आणि सर्व्हे झालेलाच नाहीये!" बाईसाहेब पुण्यात टीवाय बीबीएला. विषय - दुचाकी शोरूममधलं ग्राहक-समाधान. प्रश्नावल्या 100 भरून घ्यायच्या होत्या, भरल्या होत्या 9. मग काय, उघडलं एक्सेल, लावलं रँडबिटवीन, आणि दहा मिनिटांत 91 ग्राहक जन्माला घातले. वर रंगीत पाय चार्ट. 100 पैकी 84 मिळाले! तोंडी परीक्षेत विचारलं काय, तर शोरूम कुठे आहे.

तेव्हा हसलो, पण नंतर टोचत राहिलं. तीन वर्षांत खऱ्या गिऱ्हाइकासमोर उभं राहायची वेळ एकदाच आली होती, आणि तीच मी हुकवली.

बाकी अभ्यासक्रम म्हणजे मॅस्लोचा पिरॅमिड, मार्केटिंगचे चार पी आणि फेयॉलची 14 तत्त्वं. आता हा फेयॉल कोण? फ्रान्समधला खाण-इंजिनियर. आधी खाणीत राबला, मग तीस वर्षं कंपनी चालवली आणि 1916 मध्ये, पंच्याहत्तरीच्या घरात असताना, ही तत्त्वं छापली. आमची पोरं तीच अठराव्या वर्षी पाठ करतात. ज्यांनी गल्ल्यावर एक दिवस बसून पाहिलेलं नाही त्यांना 'युनिटी ऑफ कमांड' म्हणजे पाच मार्कांची टीप वाटणारच ना!

सरकारला काळजी नाही असं नाही. 2024-25 पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे सगळं एआयसीटीईच्या छत्राखाली आलं आणि महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी सुरू झाली. पहिल्या वर्षी जागा लाखाच्या वर आणि परीक्षेला मुलं पन्नास हजारांच्या आत! मग त्याच वर्षी पुन्हा एक सीईटी घ्यावी लागली. काही कॉलेजांनी तर कोर्सचं नावच बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) केलं आणि मोकळी झाली. मॅनेजमेंट येतं म्हणायचं त्यांना :) पण दारावर पहारेकरी बसवून आतली प्रोजेक्टं खरी कशी होणार?

आता आमचं बी.ई.चं प्रोजेक्ट तरी कुठे सोवळं होतं म्हणा. पण आम्हाला नंतर नोकरीत कोड लिहावाच लागला, त्यात झाकली मूठ उघडी पडली. यांच्यातले बरेच जण थेट एमबीएला जातात आणि तेच चार पी पुन्हा ऐकतात, दहापट फी भरून.

बरं, पोरगी हुशार आहे. बोलते छान, चार लोकांसमोर उभी राहून प्रेझेंटेशन देते, जे मला अजून जमत नाही. ते कॉलेजनेच दिलं, मान्य. पण काकांचं चिंचवडला हार्डवेअरचं दुकान आहे. पंचवीस वर्षांच्या उधारीच्या वह्या आणि माळ्यावर पडून राहिलेला माल. कोण किती दिवसांनी पैसे देतं, कुठल्या मालात भांडवल अडकलंय, यापेक्षा चांगलं प्रोजेक्ट कुठलं? तिने सरांना विचारलंही होतं. सर म्हणाले, "घरचं दुकान चालणार नाही, लेटरहेडवर सर्टिफिकेट लागतं." म्हणजे ग्राहक खोटे चालतील, लेटरहेड खरं पाहिजे! ही एक अट काढली तरी निम्मं काम होईल असं माझं स्पष्ट मत आहे.

असो. निकाल लागल्यावर मीच तिला म्हटलं, चल, आता मार्क नाहीत तर नाहीत, वही काढ. काकांनी आधी कुरकुर केली, "गिऱ्हाइकांची नावं बाहेर जाता कामा नयेत." मग शनिवारी दुपारी शटर अर्धं ओढून तिघं बसलो. ती वाचत होती, मी एक्सेलमध्ये भरत होतो. यावेळी रँडबिटवीन नाही. संध्याकाळी यादी जुन्या थकबाकीप्रमाणे लावली, तर तिसरं नाव आमच्या बाबांचं. 2019 ची पाण्याची मोटर.

काका म्हणाले, "ते राहू दे गं." ती म्हणाली, "नाही पप्पा, डेटा आहे."