दुसऱ्या वैद्याचा सल्ला

दात हा अवयव मोठा विलक्षण आहे. तो शाबूत असेतोवर त्याची कोणास आठवण होत नाही, आणि एकदा दुखू लागला म्हणजे त्याच्यावाचून दुसरे काही आठवत नाही. 'चणे आहेत तर दात नाहीत', 'दात कोरून पोट भरत नाही' अशा म्हणी ज्या काळी रूढ झाल्या त्या काळी दुखऱ्या दाढेवर बहुधा एकच उपाय असे, व तो म्हणजे ती उपटून टाकणे. आज उपाय पुष्कळ झाले आहेत, आणि त्यांच्याबरोबर खर्चही वाढला आहे. द्वारकेच्या चौकात, जेथे मुंबई-आग्रा महामार्ग व पुण्याचा रस्ता एकमेकांस मिळतात, तेथून कोणत्याही दिशेस थोडे चालत गेले तरी दंतवैद्यांच्या पाट्या दृष्टीस पडतात. ही सोय इष्टच होय. परंतु एका दाढेचे दुखणे घेऊन आत गेलेला पालक जेव्हा चार रूट कॅनाल, चार कॅप आणि चाळीस-पन्नास हजार रुपयांचा आकडा लिहिलेला कागद घेऊन बाहेर येतो, तेव्हा त्याने काय करावे, ह्याचा विचार फारसा कोणी करीत नाही. तो येथे करावा असा आमचा हेतू आहे.

आमचे मत थोडक्यात असे आहे की, उपचार मोठा असेल, खर्च जड असेल आणि प्रकृतीस तात्काळ धोका नसेल, तर दुसऱ्या जाणत्या दंतवैद्याचा सल्ला घेतल्यावाचून होकार देऊ नये. हा केवळ पालकाचा हक्क नसून ते त्याचे कर्तव्य आहे.

असा मोठा आकडा ऐकून घरे दोन प्रकारे वागताना दिसतात. एक घर भिडेस पडते. डॉक्टरसाहेबांस 'का' असे कसे विचारावे, ह्या संकोचाने ते मान डोलावते, हप्ते बांधून घेते किंवा हातउसने काढते. दुसरे घर भिऊन पळते. एवढा पैसा आपणांस झेपणार नाही असे ठरवून बाप मुलास घेऊन घरी येतो, दुकानातून वेदनाशामक गोळी आणतो, आणि पुन्हा कोणत्याच दंतवैद्याची पायरी चढत नाही. मग ते मूल एका बाजूने जेवते, रात्री उठून बसते, वर्गात गालावर हात ठेवून पेंगते. पहिल्या घराचा पैसा जातो. दुसऱ्या घराचा दात जातो व अभ्यासही. ह्या दोन्ही घरांस वाचविणारा उपाय एकच आहे. दुसरा वैद्य कदाचित पहिल्यास म्हणेल, 'चारांपैकी दोहोंचेच काम आज करा'. आणि दुसऱ्यास म्हणेल, 'ही एक दाढ मात्र आजच भरून घ्या, बाकीचे पुढे पाहू'. पैसे वाचविणे हे दुसऱ्या सल्ल्याचे एक फळ आहे खरे. परंतु नेमके काय आवश्यक आहे हे कळणे, हे त्याहून मोठे फळ आहे.

कोणी म्हणेल, 'हा त्या डॉक्टरांवर अविश्वास नव्हे काय?' आम्हांस तसे वाटत नाही. नाशिकच्या सराफ बाजारात मुलीच्या लग्नाचे सोने घेताना आपण दोन पेढ्यांवर भाव विचारतो, तेव्हा कोणी सराफ ते मनास लावून घेत नाही. परीक्षेच्या निकालानंतर गुणपडताळणीचा व पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करण्याची सोय आमच्या परीक्षा मंडळानेच ठेविली आहे. तो अर्ज एखाद्या पालकाने केला म्हणून आम्ही शिक्षक त्याचे तोंड पाहणे सोडीत नाही. खरे नाणे दुसऱ्या दुकानी वाजविल्याने खोटे ठरत नाही. जो दंतवैद्य आपल्या कामास पक्का असतो तो स्वतःच म्हणतो, 'खुशाल दाखवून या'. जो त्या शब्दाने रागावतो, किंवा 'आजच्या आज ठरवाल तर इतकी सूट' अशी भाषा करतो, त्याच्या रागाने व सुटीने आपणांस अधिक सावध व्हावे.

शिवाय एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घराची भिंत पडेल की नाही हे सांगणारा गवंडी आणि ती बांधून देऊन मजुरी घेणारा गवंडी जेथे एकच असतो, तेथे तो प्रामाणिक असला तरी त्याची नजर भेगेकडे आधी जाते. दंतवैद्यकात बहुधा अशीच स्थिती असते. त्यातून आपल्या देशात ही विद्या नवी. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास पहिले दंतमहाविद्यालय काढले, आणि ह्या व्यवसायास शिस्त लावणारा कायदा १९४८ साली झाला. तापाचे वा खोकल्याचे औषध बरे की वाईट हे घरातील आजीबाईस थोडेबहुत समजे. रूट कॅनाल आवश्यक आहे की नाही हे समजण्याची परंपरा कोणत्याच घरी नाही.

दोन वैद्यांची मते भिन्न झाली म्हणजे त्यांतील एक लबाडच असला पाहिजे, असे मात्र समजू नये. दाताच्या वरच्या कठीण कवचावर कीड नुकतीच पांढऱ्या डागाच्या रूपाने दिसू लागली असेल, तर फ्लोराइड व स्वच्छता यांनी ती तेथेच थांबू शकते. अशा वेळी एक वैद्य 'भरून टाकू' म्हणेल, दुसरा 'सहा महिने लक्ष ठेवू' म्हणेल, आणि दोघेही सद्‌हेतूने म्हणतील. एक्स-रेवरील अंधूक सावली दोन जाणते डोळे दोन प्रकारे वाचतात. अक्कलदाढेविषयी असाच वाद आहे. दुखत नसलेली व निरोगी अशी अडकलेली अक्कलदाढ केवळ भविष्याच्या भीतीने काढू नये, असा निर्देश इंग्लंडातील अधिकृत संस्थेने २००० साली दिला, तरी तज्ज्ञांत त्यावर चर्चा चालूच राहिली.

हा मतभेद किती दूर जाऊ शकतो ह्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९७ साली अमेरिकेतील 'रीडर्स डायजेस्ट' मासिकाचा एक लेखक २८ राज्यांतील ५० दंतवैद्यांकडे आपले एकच तोंड घेऊन गेला. कोणी ५०० डॉलरांचे काम सांगितले, तर कोणी जवळजवळ ३०,००० डॉलरांचे. तोंड तेच, दात तेच. आकडा मात्र साठपट. अमेरिकेसारख्या देशात जर असे घडते, तर आपण सावध राहण्यात कमीपणा तो कसला?

दातांच्या बाबतीत ही सावधगिरी अधिक हवी, कारण तेथे केलेले पुष्कळसे काम परत फिरविता येत नाही. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते. परंतु दाताचे कवच एकदा घासून काढले म्हणजे ते पुन्हा वाढत नाही. कॅप बसविण्यासाठी चांगला दात कोरला, तर त्यास आयुष्यभर टोपीखालीच राहावे लागते. म्हणून विचार करावयाचा तो यंत्र सुरू होण्यापूर्वी.

कायदाही येथे रुग्णाच्या पाठीशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या एका निकालात असे सांगितले की, उपचाराचे स्वरूप, त्याचा हेतू, त्यातील धोके, त्यास असलेले पर्याय आणि तो न केल्यास होणारे परिणाम हे रुग्णास समजावून दिल्यावरच त्याची संमती ही खरी संमती होय. तसेच तपासणीस दिलेली संमती ही उपचारास दिलेली संमती नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा व आपली कागदपत्रे मिळण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत नमूद केला आहे.

आता हे मत घ्यावे कसे? प्रथम पहिल्या वैद्याकडून एक्स-रेची प्रत व कोणत्या दातास काय करावयाचे ह्याचा लेखी तपशील नम्रपणे मागून घ्यावा. म्हणजे पुन्हा एक्स-रे काढण्याचा खर्च टळेल. दुसऱ्या वैद्याकडे गेल्यावर पहिल्याचे नाव व आकडा आरंभीच सांगू नये. त्यास आधी स्वतंत्रपणे पाहू द्यावे. मग चार प्रश्न विचारावे: हे न केल्यास काय होईल? सहा महिने थांबल्यास काय होईल? ह्याहून साधा उपाय आहे काय? आणि हे दात तुमच्या मुलाचे असते तर तुम्ही काय केले असते? शक्यतो असा सल्लागार पाहावा की ज्याचा त्या कामात लाभ नाही. आपल्या शहरात ह्याची वाण नाही. जिल्हा रुग्णालय आहे. आणि गोदावरीपलीकडे पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचे दंतमहाविद्यालय आहे, जेथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासतात. द्वारकेहून तेथे जाण्यास एक सकाळ मोडेल इतकेच.

परंतु दुसऱ्या सल्ल्याचा दुरुपयोगही होतो, व त्याविषयी शास्त्रातील एक कथा मननीय आहे. शलमोन राजाचा पुत्र रहबाम गादीवर आला तेव्हा प्रजेने आपले ओझे हलके करण्याची विनंती केली. त्याने वडीलधाऱ्यांस विचारले. त्यांनी सौम्यपणे वागण्यास सांगितले. तो सल्ला त्यास रुचला नाही. म्हणून त्याने आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांस विचारले, त्यांनी मनाजोगते सांगितले, आणि त्यायोगे त्याने राज्याचे दहा वंश गमावले. रहबामानेही दुसरे मत घेतलेच होते! त्याचा दोष इतकाच की त्यास सत्य नको होते, आवडीचे उत्तर हवे होते. जो पालक 'काही करावयास नको' असे म्हणणारा वैद्य भेटेपर्यंत दारे ठोठावीत फिरतो, तो रहबामाच्याच वाटेने जातो. दोन मते जुळली तर काम करून टाकावे. न जुळली तर कारणे विचारावी, फार तर तिसऱ्यास विचारावे, आणि तेथे थांबावे.

काही प्रसंगी तर दुसऱ्या मताची वाट पाहणे हाच अपराध ठरतो. चेहरा सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा घास गिळता येईना, तर जो दंतवैद्य वा रुग्णालय जवळ असेल तेथे तत्काळ जावे. खेळताना कायमचा दात मुळासकट निघून पडला, तर तो मुळाकडे न धरता वरच्या भागास धरून उचलावा, मळला असल्यास हळूच धुवून त्याच खाचेत बसवावा, आणि ते न साधल्यास दुधात ठेवून तासाभराच्या आत वैद्याकडे पोहोचावे. दुधाचा दात मात्र असा परत बसवू नये. आणखी एक सूचना मातांसाठी. सुमारे सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे जी नवी दाढ येते ती कायमची असते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती दुधाचीच समजून 'पडेल आपोआप' असे म्हणत पुष्कळ घरी किडू दिली जाते. ती गेली तर पुन्हा येत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, सकाळी व निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे आणि चघळण्याच्या गोडास आळा घालणे, हे ज्याच्याविषयी दोन वैद्यांचे दुमत होणार नाही असे उपचार आहेत, व ते जवळजवळ फुकट आहेत. आणि तुमचे वडील किंवा आई डॉक्टरांपुढे आदराने पण स्पष्टपणे प्रश्न विचारीत असतील, तर लाजून त्यांचा सदरा ओढू नका. जवळ उभे राहून ऐका. विद्वानाचा मान राखणे आणि त्यास कारण विचारणे ह्या दोन्ही गोष्टी एकाच मुखाने करता येतात, हे आम्ही तुम्हांस वर्गात शिकवितो. त्याचा उपयोग वर्गाबाहेर, अशाच ठिकाणी व्हावयाचा आहे.